समुद्रावरची उजवी बाजू

जानेवारी १८८० मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांना मुंबई बंदरातून आगबोटीने एडनला नेण्यात आले. जन्मठेप झालेला हा राजबंदी पनवेलजवळच्या शिरढोणचा. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. कर्नाळ्याच्या माथ्यावरून हवा स्वच्छ असली की मुंबईचे बंदर दिसते. घरच्या डोंगरावरून दिसणाऱ्या त्याच पाण्यातून सरकारने त्यांना देशाबाहेर काढले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

फडक्यांचे चरित्र महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि ते मोठे आहे. या लेखाचा विषय त्यांच्या काळातली एक शेजारची गोष्ट आहे. त्यांना नेणाऱ्या आगबोटीवर अंधार पडताच उजव्या अंगाला हिरवा, डाव्या अंगाला तांबडा आणि पुढच्या डोलकाठीवर पांढरा दिवा लागत असणार, कारण तोवर जगातल्या बहुतेक दर्यावर्दी देशांनी हा नियम मान्य केला होता. फडक्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. आगबोटींच्या दिव्यांबाबत नियम करण्याचा अधिकार देणारा ब्रिटिश कायदा १८४६ चा. दिव्यांचे रंग १८४८ मध्ये ठरले, आणि फडके अठरा वर्षांचे झाले त्या साली जहाजांच्या टकरी टाळणारे नियम देशादेशांत पसरू लागले. शिरढोणच्या या माणसाचे आयुष्य आणि समुद्रावरच्या रहदारीच्या कायद्याचे बालपण यांचा काळ एकच आहे.

त्याआधी काय होते, ते पनवेलच्याच बंदरावर पाहता येते. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने खाडीतून पनवेलला उतरे आणि तिथून खोपोली, बोरघाट असा वर चढे. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, तेव्हा या वाटेची वर्दळ आणखी वाढली. भरती साधून मचवे, पडाव पनवेलच्या बंदराला लागत आणि ओहोटीबरोबर परत निघत. इतक्या नौका एकमेकींना ओलांडत, तरी छापील नियम कुणाजवळ नव्हता. होता तो रिवाज. वारा उजवीकडून घेणाऱ्या गलबताने आपली वाट राखायची आणि डावीकडून घेणाऱ्याने बाजूला व्हायचे, हा शिडाच्या जहाजांचा फार जुना संकेत. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही तो शाबूत आहे.

हा रिवाज पुरत होता, कारण वारा सगळ्यांना एकच होता. मतलई वाहत असताना समोरचे गलबत कुठे वळू शकेल आणि कुठे नाही, हे कुठल्याही तांडेलाला शिडाकडे पाहून कळे. आगबोटीने नेमकी हीच खूण पुसून टाकली. ती वाऱ्याच्या तोंडावर सरळ चालते, वाटेल तेव्हा वळते, रात्रीही वेग कमी करत नाही. समोरून येणाऱ्या धुराच्या रेषेखाली कोणता इरादा आहे, हे आता आकाशाकडे बघून ओळखता येईना.

आणि आगबोट मुंबईत फार लवकर आली. मुंबईच्याच गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. वाटेत तिला एडनला कोळसा घ्यावा लागला. पुढे कोळशाचे ठाणे हवे म्हणूनच जानेवारी १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन जिंकले आणि त्याचा कारभार मुंबई इलाख्याला जोडला. मुंबई सरकारने आपल्या सर्वांत धोकादायक कैद्याला एडनलाच का पाठवले, याचे मूळ या कोळशात आहे. वाफेने समुद्र लहान केला, बंदरांत गर्दी केली, आणि टकरीही आणल्या.

पहिले लिखित पाऊल १८४० मध्ये लंडनच्या ट्रिनिटी हाऊस या दर्यावर्दी संस्थेने टाकले: दोन आगबोटी एकमेकींच्या वाटेत येत असतील, तर दोघींनी उजवीकडे वळावे, म्हणजे दोघींच्या डाव्या बाजू एकमेकींसमोरून जातील. १८४६ च्या कायद्याने याला जोर आला. अरुंद पाण्यात आगबोटीने उजव्या काठाने चालावे, असेही त्यात आले. १८४८ मध्ये तीन रंगांचे दिवे ठरले. शिडाच्या जहाजांना दिवे आणि धुक्यात वाजवायचे इशारे १८५८ मध्ये मिळाले. १८६३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून नियमांचा एक संच केला, आणि वर्षभरात तीसहून अधिक दर्यावर्दी देशांनी तो स्वीकारला. त्याच १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर चढली आणि पुण्याच्या वाटेवरचे पनवेल बंदराचे महत्त्व ओसरू लागले. त्यानंतर थॉमस ग्रे नावाच्या ब्रिटिश सरकारी अधिकाऱ्याने खलाशांना पाठ व्हावेत म्हणून हे नियम पद्यात बांधले. १८६७ च्या सुमाराची ती पदे अजून जगभरच्या नौकानयन शाळांत म्हटली जातात.

या नियमांची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात मोठी मानवी समज आहे. रात्री तुमच्या समोर दूरवर एक जहाज आहे. त्याचा तांबडा आणि हिरवा असे दोन्ही दिवे दिसत असतील, तर ते सरळ तुमच्यावरच येत आहे. फक्त तांबडा दिसला, तर त्याची डावी बाजू तुमच्याकडे आहे. फक्त हिरवा दिसला तर उजवी. बाजूचा प्रत्येक दिवा नाळेच्या रोखापासून जहाजाच्या काटकोनातल्या आडव्या रेषेच्या मागे साडेबावीस अंशांपर्यंतच दिसावा, असा बसवलेला असतो. त्या मर्यादेच्या मागे आलात, की बाजूचा दिवा विझल्यासारखा दिसेनासा होतो आणि फक्त पाठीमागचा पांढरा दिवा उरतो. मग तुम्ही मागून गाठणारे ठरता, आणि पुढच्याला सांभाळून जाण्याची सगळी जबाबदारी तुमची. दोन जहाजे एक शब्दही न बोलता एकमेकांना आपली दिशा सांगतात.

वाटा आडव्या छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे जहाज आहे, त्याने वाट द्यायची. दुसऱ्याने काय करायचे? त्याने आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा. मला या कायद्यातले सर्वांत शहाणपणाचे कलम हेच वाटते. घाबरून दोघेही हलले तर टक्कर ठरलेली. म्हणून एकाला हलण्याचे कर्तव्य दिले आणि दुसऱ्याला न हलण्याचे. मात्र समोरचा वाट देतच नाही असे दिसले, तर या दुसऱ्यानेही वेळेत हालचाल केली पाहिजे; मी बरोबर होतो, एवढे म्हणून बुडण्याची मुभा कायदा देत नाही.

धोका आहे की नाही, हे ओळखण्याची रीतही साधी आहे. होकायंत्रावर दुसऱ्या जहाजाची दिशा बघत राहायची. अंतर कमी होत आहे, पण दिशा बदलत नाही, तर टक्कर होणार. मग हालचाल लवकर करायची आणि ती समोरच्याला स्पष्ट दिसेल एवढी मोठी करायची. थोडे-थोडे सुकाणू फिरवणे हा समुद्रावरचा जुना गुन्हा आहे, कारण मोठे जहाज थांबायला मैल-दोन मैल घेते आणि चिमूटभर वळण पलीकडच्या माणसाच्या लक्षातही येत नाही. भोंगा एकदा लहान वाजला तर मी उजवीकडे वळतो आहे, दोनदा वाजला तर डावीकडे, तीनदा वाजला तर इंजिन उलटे फिरवतो आहे. पाच किंवा अधिक झटपट भोंगे म्हणजे तुझा इरादा मला कळत नाही.

पुढचा इतिहास परिषदांचा आहे. १८८९ मध्ये वॉशिंग्टनला, १९२९, १९४८ आणि १९६० मध्ये लंडनला. त्यातला धडा शिकवणारा प्रसंग मात्र २५ जुलै १९५६ च्या रात्रीचा. अमेरिकेच्या नॅन्टुकेट बेटाजवळ धुक्यात 'आंद्रेया डोरिया' आणि 'स्टॉकहोम' ही दोन प्रवासी जहाजे आदळली. दोघांकडे रडार होते आणि दोघांनी एकमेकांना पडद्यावर पाहिले होते. स्टॉकहोम उजवीकडे वळले, आंद्रेया डोरिया डावीकडे. यंत्र जास्त दाखवते म्हणून माणूस जास्त ओळखतो, असे नाही. पुढे जानेवारी १९७१ मध्ये इंग्लिश खाडीत 'पाराकास' हे मालवाहू जहाज उलट्या मार्गिकेने जात 'टेक्साको कॅरिबियन' या टँकरवर आदळले. टँकरच्या बुडालेल्या सांगाड्यावर नंतर आणखी दोन जहाजे फुटली. समुद्रावर येण्याजाण्याच्या वेगळ्या मार्गिका तिथे १९६७ पासून आखल्या होत्या, पण त्या पाळणे ऐच्छिक होते. २० ऑक्टोबर १९७२ रोजी लंडनला मंजूर झालेल्या आणि १५ जुलै १९७७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनी त्या बंधनकारक केल्या. त्यात ३८ नियम होते. पुढे भर पडून ४१ झाले. भारताने १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याखाली १९७५ मध्येच ते आपल्या नियमावलीत घेतले.

आता पुन्हा आपल्या पाण्यात येऊ. २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि एकाच नैसर्गिक बंदरात दोन मोठी बंदरे झाली: या काठाला रायगड जिल्ह्यातले हे नवे बंदर (तेव्हा जेएनपीटी, आता जेएनपीए), त्या काठाला जुने मुंबई बंदर. दोन्हींकडे जाणारी खोल पाण्याची मुख्य वाट समुद्राच्या तोंडाशी एकच. पनवेल, पळस्पे, शिरढोण या पट्ट्यात कंटेनर लादलेल्या ट्रेलरांच्या रांगा रोज दिसतात. रस्त्यावरची ही रांग ज्या जहाजांसाठी असते, त्यांना धक्क्यावरून निघाल्यावर याच एका वाटेने बाहेर पडावे लागते. वाटेच्या बाहेर गाळ आणि खडक आहेत. खोल बुडालेले जहाज तिथे वळायचे म्हटले तरी वळू शकत नाही.

शनिवार, ७ ऑगस्ट २०१०. आषाढ सरत आला होता. मासेमारी बंद होती, नारळी पौर्णिमा सतरा दिवसांवर होती आणि कोळीवाड्यांत नव्या हंगामाची तयारी सुरू असण्याचे दिवस. पनामाचा ध्वज लावलेले 'एमएससी चित्रा' हे कंटेनर जहाज जेएनपीटीतून बाहेर पडत होते. त्यावर बाराशेहून अधिक कंटेनर होते, टाक्यांत अडीच हजार टनांहून अधिक इंधनतेल. आत येत होते 'खलीजिया-३'. हे जहाज जुलैमध्येच मुंबईजवळ तळाला लागून अडकले होते. त्याची सुटका झाली आणि आता ते मुंबई बंदराच्या धक्क्याकडे निघाले होते. सकाळी दहाच्या सुमारास, कुलाब्याच्या प्रोंग्ज दीपस्तंभापासून काही मैलांवर, दोन्ही जहाजे एकमेकांवर आदळली.

दिवसाउजेडी झालेली ही टक्कर होती. किनाऱ्यावर वाहतूक नियंत्रणाची रडारे होती, जहाजांवर रडारे होती, रेडिओ होते. नियमाने दोघांनीही वाटेच्या आपापल्या उजव्या काठाला धरून, डावी बाजू डाव्या बाजूसमोरून नेत निघून जायचे होते. १८४६ पासून अरुंद पाण्यासाठी हेच सांगितलेले आहे. टक्कर झाल्यावर चर्चा झाली ती मुख्यतः रेडिओवरच्या बोलण्याची, संदेश एकमेकांपर्यंत पोहोचण्याची. ती चर्चा आवश्यक होती. तरी एक गोष्ट विसरू नये: ज्या नियमांनी जहाजांची रहदारी चालते, ते नियम वाट ठरवण्यासाठी रेडिओवरच्या बोलण्याचा उल्लेखही करत नाहीत. ते अशा काळात घडले, जेव्हा दोन जहाजांना एकमेकांशी बोलणे शक्यच नव्हते. बोलाचाली करून उजवे-डावे ठरवायची वेळ यावी, हेच मुळात उशीर झाल्याचे लक्षण आहे. दोन अनोळखी माणसांनी कधी न भेटता एकमेकांना आधीच दिलेला शब्द, असे या नियमांचे स्वरूप आहे. ऐनवेळी पुन्हा वाटाघाट सुरू केली, की तो शब्द सैल होतो.

चित्राच्या अंगाला भगदाड पडले आणि ती धोकादायक रीतीने कलंडली. दोन्ही जहाजांवरच्या माणसांची सुटका झाली. या दुर्घटनेत कुणाचा जीव गेला नाही, हे मोठे भाग्य. पण कलंडलेल्या जहाजावरून कंटेनर एकामागून एक पाण्यात घसरू लागले. काहींत कीटकनाशके होती. शेकडो टन तेल समुद्रात गेले. लोखंडी पेट्या अर्धवट बुडून वाटेत तरंगू लागल्या, आणि त्यांवर दुसरे जहाज आदळू नये म्हणून मुंबई व जेएनपीटी ही दोन्ही बंदरे काही दिवस बंद ठेवावी लागली. देशाच्या कंटेनर व्यापाराचा सर्वांत मोठा दरवाजा दोन जहाजांच्या एका चुकीने मिटला. तटरक्षक दलाने विमाने आणि जहाजांनी तेलावर फवारणी केली. तेल मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यांना लागले, तिवरांच्या मुळांत शिरले. गिऱ्हाइकांनी मासळीकडे पाठ फिरवली. वर्षभराचे कर्ज फेडायला ज्या हंगामाची वाट बघायची, त्याची सुरुवातच अशी झाली. यलो गेट पोलिसांनी दोन्ही कप्तानांवर गुन्हे नोंदवले. चित्राचे धूड पुढच्या वर्षी खोल समुद्रात नेऊन बुडवण्यात आले.

त्यानंतर सहा महिनेही गेले नव्हते. ३० जानेवारी २०११ रोजी नौदलाची 'विंध्यगिरी' ही युद्धनौका बंदरात परतत असताना संक रॉक दीपस्तंभाजवळ 'नॉर्डलेक' या सायप्रसच्या मालवाहू जहाजाशी आदळली. त्या दिवशी युद्धनौकेवर नौसैनिकांचे कुटुंबीयही होते; सगळे सुखरूप उतरले. नौकेला आग लागली आणि माझगावच्या गोदीत बांधलेली ही नौका दुसऱ्या दिवशी धक्क्यालाच बुडाली. पुढच्या वर्षांत बंदराची वाट खोल आणि रुंद करण्यात आली, हे योग्यच झाले. पण रुंद वाटेवरही कुणीतरी डोळे उघडे ठेवून उभे राहावेच लागते. १९७२ च्या नियमांत जहाजाच्या हालचालींचा अगदी पहिला आदेश तोच आहे: प्रत्येक जहाजाने, प्रत्येक वेळी, डोळ्यांनी आणि कानांनी नीट टेहळणी ठेवली पाहिजे. रडार त्यानंतर येते.

१८ डिसेंबर २०२४ च्या बुधवारी दुपारी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू असताना ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. नीलकमलवर शंभराहून अधिक माणसे होती. पंधरा जणांचा जीव गेला. जेएनपीएची पायलट बोट, नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या बोटी धावल्या म्हणून बाकीचे वाचले. कित्येकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. प्रवाशांना ती सक्तीने घालायला लावण्याचा आदेश अपघातानंतर निघाला. गर्दीच्या बंदरात, प्रवासी बोटींच्या नेहमीच्या वाटेवर भरधाव चाचणी घेणे, हा प्रश्न नियमपुस्तकातल्या सुरक्षित वेगाच्या कलमाशी थेट जोडलेला आहे. तो वेग आसपासची वर्दळ, पाण्याची खोली आणि बोटीची वळण्या-थांबण्याची ताकद बघून ठरवायचा असतो. ताकदवान इंजिन किती पळू शकते, हा निकष तिथे चालत नाही.

लहान नौकांच्या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे आपल्या किनाऱ्यावर नीट पोहोचायला हवे. उघड्या समुद्रात जाळे टाकून बसलेल्या मच्छीमार बोटीला इंजिनावर चालणाऱ्या मोठ्या जहाजाने वाट द्यायची असते. हा कोळ्याचा हक्क आहे आणि तो आंतरराष्ट्रीय आहे. पण अरुंद वाटेत, म्हणजे मुंबई बंदराच्या मुख्य वाटेसारख्या ठिकाणी, मच्छीमार बोटीने किंवा वीस मीटरपेक्षा लहान नौकेने मोठ्या जहाजाचा मार्ग अडवायचा नसतो. कारण उघड आहे: त्या जहाजाला बाजूला व्हायला पाणीच नाही. हक्क कुठे संपतो आणि कर्तव्य कुठे सुरू होते, याची ही रेषा नाखव्याला आणि तांडेलाला त्याच्या भाषेत माहीत असली पाहिजे. बिनदिव्याची होडी रात्री कुठल्याही रडारवर भरवशाने दिसत नाही, आणि जहाजाच्या नियंत्रण कक्षातल्या परदेशी अधिकाऱ्याला तिच्यात माणसे बसली आहेत हे कळायला दुसरे साधन नाही.

माझी मागणी एवढीच आहे. भाऊचा धक्का, मोरा, रेवस, मांडवा, घारापुरी अशा प्रत्येक धक्क्यावर हे नियम सोप्या मराठीत, दिव्यांच्या रंगीत चित्रांसह, ठळक लावले जावेत, आणि बोटीचा परवाना देताना तांडेलाला ते मराठीत विचारले जावेत. प्रवासी म्हणून आपल्याकडूनही दोन गोष्टी व्हाव्यात: लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय बोट धक्क्यावरून हलू देऊ नये, आणि संध्याकाळनंतर तांबडा, हिरवा व पांढरा दिवा लागलेला नसेल, तर त्या बोटीत पाऊल ठेवू नये.